यिर्मयाचं पत्र आणि बाल्कनीतली मेथी

‘अय्या, तू ख्रिश्चन? पण तुझं आडनाव तर...’

हे अर्धवट वाक्य मी आजवरच्या चारही नोकऱ्यांमध्ये पहिल्याच आठवड्यात ऐकलंय. ते अर्धवटच राहतं, कारण ‘आडनाव तर’ काय, हे बोलणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही. माझं आडनाव एखाद्या ऐतिहासिक मालिकेतल्या सरदाराला शोभेल असं आहे, आता त्याला मी तरी काय करणार! मग ठरलेली प्रश्नपत्रिका येते. तुम्ही मूळचे गोव्याचे का? घरी इंग्लिशच बोलत असाल ना? लग्नात तो पांढरा गाऊन घातला होतास? (नाही. पांढरी साडी, डोक्यावर जाळीची ओढणी आणि केसांत मोगऱ्याचा गजरा.) आणि डिसेंबर उजाडला की सगळ्यांचा लाडका प्रश्न, केक कधी आणतेस?

केक मी आणते, पण विकतचा. घरचं म्हणाल तर करंज्या, चकल्या आणि शंकरपाळे. आमच्या नगरकडे नाताळाचाही फराळ असतो. दिवाळीचा संपून महिना-दीड महिना झालेला असतो, त्यामुळे ऑफिसात माझ्या डब्यावर जी झडप पडते तिला सर्वधर्मसमभाव म्हणायला हरकत नाही.

नगर म्हणजे अहमदनगर, २०२४पासून कागदोपत्री अहिल्यानगर. अमेरिकन मराठी मिशननं १८३१मध्ये तिथं मुक्काम ठोकला. ‘ज्ञानोदय’ १८४२मध्ये तिथूनच निघालं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं टाळ-मृदंगाच्या साथीनं म्हणत आमच्या पिढ्या मोठ्या झाल्या. अशा घरातलं पोर लहानपणी दोनच गोष्टींवर वाढतं, बाजरीची भाकरी आणि बायबलमधली वचनं. संडे स्कूलला वचन तोंडपाठ असेल तर खाऊ, नसेल तर मागच्या बाकावर. मला आजही स्वतःचा पॅन नंबर आठवत नाही, पण स्तोत्र २३ झोपेतून उठवून विचारलंत तरी म्हणून दाखवीन.

वचनांचा खरा थरार मात्र ३१ डिसेंबरच्या रात्री. तुम्ही सगळे पार्टीत असता तेव्हा आम्ही चर्चमध्ये स्वेटर घालून बसलेलो असतो. बारा वाजले, हस्तांदोलनं झाली की पाळक एक स्टीलचं ताट फिरवतात. त्यात कागदाच्या बारीक गुंडाळ्या. ज्याला जी मिळेल ते त्याचं वर्षभराचं वचन. साधारणपणे ही वचनं गोडच असतात: मी तुझ्याबरोबर आहे, भिऊ नको, अशा अर्थाची. पण आमच्या लहानपणी जे पाळक होते त्यांना विनोदबुद्धी होती आणि गुंडाळ्या ते स्वतः तयार करायचे. दादाला दहावीच्या वर्षी आळश्याला मुंगीकडून धडा घ्यायला सांगणारं नीतिसूत्र निघालं होतं. आईनं ते फ्रिजवर चिकटवलं. दादाला ७८ टक्के पडले आणि श्रेय मुंगीला मिळालं.

बायबल विनोदी आहे असं म्हटलं की काहीजणांच्या कपाळावर आठ्या येतात. पण नीतिसूत्रे २७:१४ काढून बघा. त्याचा मतितार्थ असा की, भल्या पहाटे उठून मोठ्या आवाजात शेजाऱ्याला आशीर्वाद देणाऱ्याचा आशीर्वाद शापच धरावा! व्हॉट्सअॅप यायच्या कितीतरी शतकं आधी कुणीतरी गुड मॉर्निंग मेसेजचा बंदोबस्त करून ठेवलाय. आमच्या फॅमिली ग्रुपवर माझी एक मावशी रोज पहाटे ५:४०ला उगवता सूर्य, कबूतर आणि वचन अशी तिहेरी आघाडी पाठवते. मी एकदा हे नीतिसूत्र मोठ्या हौसेनं ग्रुपवर टाकलं. मावशीनं लगेच ‘आमेन’ लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी ५:४०ला तेच वचन, मागे सूर्य घालून, परत पाठवलं. काय बोलणार!

किंवा युतुख घ्या. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २०. पौलाचा उपदेश मध्यरात्रीपर्यंत लांबला आणि खिडकीत बसलेला हा तरुण पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलानं त्याला जिवंत केलं, वर आला, थोडं खाल्लं आणि उजाडेपर्यंत पुन्हा बोलत राहिला! जगातल्या तमाम ट्रेनिंग सेशन्सना बसलेल्यांचा हा आद्य प्रतिनिधी. किंवा याकोबाच्या पत्राचा चौथा अध्याय. आज नाहीतर उद्या अमुक शहरात जाऊ, वर्षभर राहू, धंदा करू, पैसा कमवू, असं ठरवणाऱ्यांना याकोब विचारतो, उद्याचं तुम्हाला काय माहीत? हा माणूस आमच्या क्वार्टरली प्लॅनिंगच्या मीटिंगला बसून गेलेला दिसतोय. माझी आजी ‘संध्याकाळी भाजी कोणती?’ या प्रश्नालाही ‘प्रभूची इच्छा असेल तर वांगी’ असंच उत्तर द्यायची. मी एकदा रिलीजची तारीख सांगताना हेच सहज बोलून गेले, तर दरवर्षी चार दिवस वारीला जाणारा आमचा टेस्टिंग लीड गंभीरपणे म्हणाला, ‘मॅडम, हे डिपेन्डन्सीत टाकू की रिस्कमध्ये?’

असो. हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. पण एक वचन असं आहे की त्याच्याशी माझं गेली दीड वर्षं रोजचं भांडण आणि रोजचा संसार चाललाय. यिर्मया, अध्याय २९, वचन ११.

ख्रिस्ती घरात कधी गेला असाल तर ते तुम्ही पाहिलंही असेल. मगवर, उशीच्या अभ्र्यावर, मोबाइलच्या कव्हरवर, पदवी मिळालेल्या मुलांना दिलेल्या कार्डांवर. भावार्थ असा की, देव म्हणतो, तुमच्यासाठी माझ्या मनात जे आहे ते मला माहीत आहे. ते तुमच्या नाशाचं नाही, भल्याचं आहे आणि पुढे आशा आहे. नोकरीच्या इंटरव्ह्यूपासून व्हिसापर्यंत सगळ्याला लागू पडतं. वचनांच्या दुनियेतलं हे कोलगेट आहे. दुसऱ्या क्रमांकावर फिलिप्पैकरांस पत्र ४:१३. मला बळ देणाऱ्याच्या साहाय्यानं मी सगळं करू शकतो, अशा अर्थाचं. ते जिमच्या टी-शर्टांवर फार असतं. पौलानं ते कैदेतून लिहिलंय आणि बोलतोय तो पोट भरलेलं असो वा उपाशी, दोन्हीत निभावून नेण्याबद्दल, वजन उचलण्याबद्दल नाही. पण टी-शर्टवर तेवढी जागा नसते.

दोन वर्षांपूर्वीच्या ३१ डिसेंबरला बाबांच्या गुंडाळीत यिर्मया २९:११ निघालं. नगरला. बाबा निवृत्त शिक्षक, आई गेल्यापासून एकटेच राहणारे, स्वतःची भाकरी स्वतः थापणारे आणि तिच्या गोलाईबद्दल गर्व बाळगणारे. आम्ही सगळे खूश. पाच महिन्यांनी त्यांच्या पायांवर सूज आली, रक्त तपासलं, आणि क्रिएटिनिनचा आकडा पाहून डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी चष्मा काढला की समजून जायचं. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास डायलिसिस. ट्रान्सप्लांटचा विचार वय आणि हृदय बघून बाजूला ठेवला गेला.

नगरला डायलिसिस होत नाही असं नाही. होतं. पण तीनदा नेणार-आणणार कोण? दादा कॅनडात. मी पुण्यात, खराडीत, सातव्या मजल्यावर. म्हणून बाबा आमच्याकडे आले. दोन बॅगा, एक बायबल, एक पोळपाट (‘तुमच्याकडचा हलतो’) आणि ती वचनाची गुंडाळी, इस्त्री केल्यासारखी सपाट करून चष्म्याच्या डबीत.

आजारपणात वचनं किती येतात ते विचारू नका. भेटायला येणारा प्रत्येकजण एक घेऊन येतो, फळांसारखं. (फळं तशीही बाबांना चालत नाहीत. पोटॅशियम!) आणि सगळ्यांच्या बोलण्याचा सूर एकच. काळजी करू नका मास्तर, प्रभूची योजना आहे, बघा, दोन-तीन महिन्यांत ठणठणीत होऊन नगरला परत जाल. मीही मान हलवायचे. बाबा काही बोलायचे नाहीत, चहा (अर्धा कप, पाणी मोजून) प्यायचे.

एका संध्याकाळी एक नातेवाईक असंच बोलून लिफ्टनं खाली गेले आणि बाबा म्हणाले, ‘हनन्या गेला का?’

‘कोण हनन्या?’

‘अगं, संडे स्कूलला काय शिकलात तुम्ही? अकरावं वचन पाठ, आणि मागचं-पुढचं? ते काय भाजीवाल्याकडची कोथिंबीर आहे, वरची जुडी फुकट उचलायला?’

मग मास्तरांनी पुस्तक उघडलं आणि अध्याय २८पासून सुरुवात केली. आता ऐका, कारण ही गोष्ट कुठल्याही वेब सिरीजला मागे टाकेल अशी आहे.

इसवी सनापूर्वी ५९७चं साल. बाबेलच्या नबुखद्नेस्सरानं यरुशलेममधून राजाला, त्याच्या आईला, दरबाऱ्यांना, सुतार-लोहारांना उचलून शेकडो मैलांवर नेलं. म्हणजे कामाची सगळी माणसं गेली. मागे राहिलेले आणि तिकडे गेलेले, दोघांनाही एकच प्रश्न, परत कधी? यिर्मया मानेवर लाकडी जू घालून गावभर फिरत होता, की बाबेलचं ओझं इतक्यात उतरायचं नाही. तेवढ्यात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, देवानं मला सांगितलंय, दोन वर्षांत सगळे परत. सगळी भांडीकुंडीसुद्धा परत. आणि त्यानं यिर्मयाच्या मानेवरचं जू काढून मोडून टाकलं. टाळ्या पडल्या असणार. कुणाला आवडणार नाही?

यात मला काय आवडतं सांगू? यिर्मयानं त्याला आधी काय उत्तर दिलं ते. तो म्हणाला, आमेन, देव तसंच करो. म्हणजे त्यालाही ते खरं व्हायला हवंच होतं. पण तसं नाही, हे त्याला माहीत होतं.

मग तो बाबेलला नेलेल्या लोकांना पत्र लिहितो. राजाचे दूत तिकडे चाललेच होते, त्यांच्या हाती पाठवलं. म्हणजे सरकारी टपालातून खासगी पत्र. हाच तो २९वा अध्याय. त्यात लिहिलंय तरी काय? घरं बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा आणि त्यांचं फळ खा. लग्नं करा, मुलांची लग्नं लावा. आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराचं भलं व्हावं म्हणून झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचं भलं झालं तर तुमचं होईल. परत येण्याचं काय? येईल तो दिवस. सत्तर वर्षांनी.

सत्तर! आणि त्यानंतर, या आकड्याला लागूनच, ते आपलं मगवरचं अकरावं वचन.

‘म्हणजे बघ,’ बाबा चष्मा पुसत म्हणाले, ‘ज्यांच्या हातात हे पत्र पडलं त्यातला एकही मोठा माणूस परत जाणार नव्हता. हे त्यांना धडधडीत सांगून मग म्हटलंय की, पुढे आशा आहे. आधीचं वाक्य खाऊन टाकलं की नुसती साखर उरते. आणि मला डायबेटिस पण आहे.’

अजून एक गंमत त्यांनी दाखवली. त्या वचनातलं ‘तुम्ही’. इंग्रजीत वाचलं तर कळत नाही की, एकाला म्हटलंय की सगळ्यांना. मराठीतही आपण एकट्या आदरणीय माणसाला ‘तुम्ही’ म्हणतो, म्हणजे तीच पंचाईत. पण मूळ हिब्रूत ते अनेकवचन आहे. माझं प्रमोशन, तुझा व्हिसा असं सुटं सुटं नाही. ते सगळ्या वस्तीला मिळून दिलेलं वचन आहे, जिच्यात काही म्हातारे तिथंच जाणार आणि काही नातवंडं परतणार. (परतली. इ.स.पू. ५३९मध्ये इराणच्या कोरेशानं बाबेल घेतलं आणि त्यानंतर त्यांना जाऊ दिलं. पुष्कळजण तोवर तिथं इतके रुळले होते की गेलेच नाहीत. पुण्यात आलेल्या माणसांसारखेच.)

आणि पत्रावर प्रतिक्रिया काय आली? तिकडच्या शमाया नावाच्या गृहस्थानं यरुशलेमच्या याजकाला लेखी तक्रार ठोकली, बाकी सगळ्यांना कॉपी मार्क करून, की हा यिर्मया लोकांना ‘मुक्काम लांबणार, घरं बांधा’ असं लिहितोय, याला खोड्यात का घातलेलं नाही? याजकानं ती तक्रार यिर्मयालाच वाचून दाखवली. ज्यांनी ऑफिसात कधी खरी डेडलाइन सांगितलीय त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. बाबा नगरला परत जाणार नाहीत हे मला माहीत होतं. ते त्यांना माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. आम्ही सगळे मिळून त्यांच्याभोवती हनन्याचं काम करत होतो, आणि म्हातारा ‘आमेन, देव तसंच करो’ म्हणत शांतपणे अर्धा कप चहा पीत होता.

पुढच्या शनिवारी त्यांनी नवऱ्याला रंगाचे रिकामे डबे आणायला सांगितलं. चार डबे, खाली भोकं, माती, शेणखत. बाल्कनीत मेथी, कोथिंबीर, मिरच्या आणि एक टोमॅटो. सहाव्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या चादरीवर पाणी ठिबकलं, सोसायटीच्या ग्रुपवर फोटोसकट निषेध नोंदला गेला, आम्ही डब्यांखाली ताटल्या ठेवल्या. मेथी आली, तीही काय झोकात! आणि बाबांना ती चालत नाही. पालेभाजीतही पोटॅशियम. उकळून पाणी टाकून दिलं तर चमचाभर, तेही कधीतरी, असं डाएटिशियनच्या कागदावर लिहिलंय. यिर्मयानं ‘लावा आणि खा’ म्हटलं होतं. आमच्याकडे ‘लावा’ एवढंच उरलं. पहिली जुडी खाली चादरवाल्या बाईंकडे गेली. दुसरी डायलिसिसच्या टेक्निशियन मुलीकडे, जी सुई इतकी हलक्या हातानं लावते की बाबा तिला ‘आमची देवदूत’ म्हणतात आणि ती प्रत्येक वेळी लाजते.

आणि ते पुण्यासाठी प्रार्थना करतात. हसू नका. नगरच्या माणसानं पुण्यासाठी प्रार्थना करणं ही सोपी गोष्ट नाही. पुणेकर, पुण्यातल्या पाट्या आणि पुण्यातला चहाचा कप यांबद्दल आमच्याकडे पिढीजात मतं आहेत. तरी रोज रात्री जेवणानंतर, बिल्डिंगला टँकर वेळेवर यावा, मुंढव्याचा ट्रॅफिक सुटावा, रामवाडीपर्यंत आलेली मेट्रो पुढे सरकावी, चादरवाल्या बाईंच्या मुलाला कॉलेजात अॅडमिशन मिळावी. (मिळाली. आता त्या स्वतःच विचारतात, ‘काका, माझ्या गुडघ्यांचं पण बघा.’) पहिल्यांदा मी डोळे मिटून हसू दाबलं होतं. हल्ली एखाद्या दिवशी टँकर राहिला तर मीच आठवण करते. ज्यांनी आपलं गाव उद्ध्वस्त केलं त्यांच्या शहराचं भलं मागायला त्या लोकांना किती जड गेलं असेल, त्यापुढे मुंढव्याचा ट्रॅफिक म्हणजे काहीच नाही.

दिवस सगळेच असे नसतात. मंगळवार-गुरुवार-शनिवार, पहाटे पाचचा गजर, सहाचा स्लॉट, बाजूच्या खुर्चीवर माझा लॅपटॉप, ‘सॉरी, म्यूटवर होते.’ एप्रिलमध्ये अशा एका गुरुवारी रिलीज होता, बाबांचं बीपी मशिनवर असताना घसरलं, आणि घरी येऊन मी बाथरूमचा नळ सोडून रडले. बाहेर आले तर जेवणाचं ताट वाढलेलं होतं. नवरा वरण-भात लावून उभा. मला प्रार्थनेची अपेक्षा होती, एखाद्या वचनाची तरी. बाबा म्हणाले, ‘आधी जेव. एलिया मरण मागत झुडपाखाली आडवा झाला तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकरी दिली, पाणी दिलं, झोपू दिलं. परत उठवून परत भाकरी दिली. उपदेश फार पुढे आहे, चाळीस दिवसांनी.’ राजे पहिले, अध्याय १९. मी जेवले आणि साडेआठला झोपले. हे वचन अजून कुठल्या मगवर पाहिलेलं नाही.

मागचं-पुढचं वाचायची ही सवय बाबांची एकट्याची नाही. आमच्या घरात पंडिता रमाबाईंचं नाव फार आदरानं घेतलं जातं. हिब्रू आणि ग्रीक शिकून, केडगावला बसून त्यांनी अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच ते छापलं. रमाबाई १९२२मध्ये गेल्या, पूर्ण बायबल १९२४मध्ये बाहेर आलं. एवढं करून आपण त्यातलं एक वाक्य कबुतराच्या फोटोवर लावायचं म्हणजे, बाबांच्या शब्दांत, हापूसची पेटी आणून देठ चघळत बसायचं.

आता मुद्द्याचं. गेल्या महिन्यात दादाचा फोन आला. नगरचं घर विकूया म्हणतोय. त्याचं म्हणणं अजिबात चुकीचं नाही. घर बंद, कौलं गळतात, दर पावसाळ्यात खर्च, आणि इकडे डायलिसिस, इंजेक्शनं, औषधं. माझ्या एक्सेल शीटमध्ये दादाची बाजू ठळक अक्षरांत जिंकते. गिऱ्हाईकही आहे. मी बाबांना म्हटलं, ‘तुम्हीच म्हणालात ना, आहे तिथं घर करा. मग ते तिकडचं कशाला धरून ठेवायचं?’

मला वाटलं, चांगला पॉइंट काढलाय. बाबांनी तीन पानं उलटली. अध्याय ३२.

यरुशलेमला वेढा पडलाय, यिर्मया स्वतः पहाऱ्यात कैद आहे, शहर पडणार हे तोच इतकी वर्षं सांगतोय. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ येऊन म्हणतो, अनाथोथमधलं माझं शेत विकत घे. अनाथोथ, म्हणजे शत्रूच्या ताब्यातला मुलूख. आणि हा ते घेतो! सतरा शेकेल चांदी तोलून देतो, खरेदीखत करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक प्रत मोहोरबंद, एक उघडी, आणि दोन्ही मातीच्या भांड्यात घालून ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. सब-रजिस्ट्रार ऑफिसात उभं राहिलेल्या कुणालाही हा अध्याय ओळखीचा वाटेल. स्टॅम्प ड्युटी तेवढी नाही.

‘ज्यानं तिकडच्यांना बागा लावा म्हणून लिहिलं,’ बाबा म्हणाले, ‘त्यानंच इकडे पडीक शेत घेतलं. दोन्ही एकाच माणसानं केलं.’

‘पण बाबा, कौलं...’

‘कौलांचं यात काही लिहिलेलं नाही.’

मी यावर अजून काही ठरवलेलं नाही. दादाला बत्तिसावा अध्याय वाचायला पाठवला, त्यानं उलट विचारलं, ‘मग सतरा शेकेल कोण देणार?’ तोही मास्तरांचाच मुलगा. त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि बाबांच्या तोंडावर ‘विकायचंच’ म्हणायची हिंमतही नाही. गिऱ्हाईक दिवाळीपर्यंत थांबायला तयार आहे. टोमॅटोला चार फळं लागलीत, तीसुद्धा वाटून टाकायची आहेत.

दरम्यान, घरपट्टीची मुदत आली. नगरच्या चुलतभावानं काउंटरवर जाऊन भरली आणि पावतीचा फोटो मला पाठवला. बाबा म्हणाले, प्रिंट काढ, दोन. मी ऑफिसातून दोन काढून आणल्या. एक त्यांनी घराच्या फाइलला लावली. दुसरीची घडी घातली, लोणच्याची रिकामी बरणी पुसून घेतली, तिच्यात ती ठेवली, झाकण घट्ट लावलं आणि नवऱ्याला ती माळ्यावर ठेवायला सांगितली.

‘बाबा, फोटो आहे माझ्या फोनमध्ये,’ मी म्हटलं.

‘असू दे,’ ते म्हणाले, ‘तोही असू दे.’